आत्याचे श्वास आणि दोन बुटके स्पीकर

३ जून

आत्या,

नमस्कार आणि सरळ भांडण. तू फोन का उचलत नाहीस? मी केला की दादा उचलतो आणि म्हणतो, "आई जरा पडलीय." तुझा मुलगा ऑफिसात साहेब झाला, तरी खोटं बोलताना अजून घसा खाकरतो. भर दुपारी पडून राहणारी बाई तू नव्हेस, हे मला ठाऊक आहे. म्हणून आता पत्र. याला तरी दादा "पडलीय" सांगू शकणार नाही.

तुझं पाकीट मिळालं. पेनड्राइव्हवर पाच गाणी, आणि चिठ्ठीवर एकच ओळ: "मिक्स तूच करायचं, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही." आत्या, ती चिठ्ठी मी आरशाला लावलीय. जन्मभर तू दुसऱ्यांच्या मागे कोरसमध्ये गायलीस. आता पहिल्यांदा तुझी स्वतःची गाणी, आणि ती तू माझ्या हाती दिलीस. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली.

काम असं आहे. तुझा आवाज, तुझ्या मैत्रिणीचा कीबोर्ड आणि तिच्या शाळेतल्या मास्तरांचं व्हायोलिन वेगवेगळं आलंय. त्या तिघांना एका घरात नांदवायचं. पहिलं गाणं मी नांदवलं. माझ्या खोलीत ऐकलं तर कसं भरदार. तेच ऑफिसात लावलं तर वाळून काटकी झालेलं. शेजाऱ्यांच्या गाडीत लावलं, तिथेही काटकी. मग डोक्यात उजेड पडला. माझे जुने स्पीकर गोडबोले आहेत. खर्जाचा आवाज असतो त्याच्या दुप्पट करून सांगतात. मला वाटतं फार झाला, मी कमी करते, आणि बाहेर गेल्यावर गाणं उपाशी.

म्हणून खरं बोलणारे स्पीकर घ्यायचे ठरवलंय. स्टुडिओत ऐकायला असतात ते, मॉनिटर म्हणतात त्यांना. काल दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "भावासाठी बघताय का? कुणी माहीतगार असेल तर घेऊन या." मी म्हटलं, माहीतगारच आलीय, तुमच्यासमोर उभी आहे. त्याने मग एका जाडजूड जोडीवर धडामधुडुम असं काहीतरी लावलं. काउंटरवरची काच थरथरली. तो म्हणाला, "बास बघा, अंगावर येतो की नाही." मला अंगावर येणारं काही नको होतं. निघून आले.

आई म्हणते, त्यापेक्षा फ्रीज घे. मी विचारलं, फ्रीज गातो का? ती अजून बोलत नाहीये माझ्याशी.

तू इतकी वर्षं स्टुडिओत उभी राहिलीस. सांग, कसे निवडू?

तुझी,
मुंगी


१० जून

चि. मुंगीस आशीर्वाद.

भांडण पोचलं. फोनचं म्हणशील तर मला त्याचा वीट आलाय. पत्रात कसं, आपलं बोलणं पुरं होईपर्यंत समोरच्याला तोंड घालता येत नाही. तुझ्यासारखीशी बोलायचं तर हाच मार्ग.

आता स्पीकर. आमच्या वेळी स्टुडिओच्या भिंतीत कपाटाएवढे दोन स्पीकर असायचे. ते निर्मात्यासाठी. निर्माता आला की रेकॉर्डिस्ट ते चालू करायचा, निर्माता मान डोलवायचा, चहा पिऊन जायचा. त्याची पाठ वळली की रेकॉर्डिस्ट टेबलावरच्या दोन बुटक्या, कळकट स्पीकरवर तेच गाणं लावायचा. कोण बेसूर आहे, कोणाची ओळ गढूळ आहे, सगळं उघडं पडायचं. आम्ही कोरसच्या बायका त्या बुटक्यांना फार घाबरायचो. तू बुटकेच शोध.

दुकानदाराचं गाणं ऐकूच नकोस. त्याने ते स्वतःचा माल खपवायला निवडलंय. माझं दुसरं गाणं घेऊन जा, ते तुला आता पाठ असेल. सगळ्या जोड्या एकाच आवाजात लावायला सांग. दोघांपैकी जो मोठ्याने बोलतो तोच खरा वाटतो. आमच्या घरातही तसंच आहे. स्पीकरच्या मागे भोक आहे का ते बघ. असलं तर भिंतीला टेकवून लावायला सांग आणि मग खर्ज फुगतो का ऐक, कारण तुझ्या खोलीत भिंत सोडून ठेवायला जागा कुठली? आणि मुंगे, ऐकल्या ऐकल्या जो फार गोड वाटेल तो सोड. मी तुझ्या आतोबांच्या बाबतीत हे केलं नाही, पण ते वेगळं.

एक शेवटचं. मिक्समध्ये मला पुढे ठेव. व्हायोलिनच्या मागे नको, कीबोर्डच्या शेजारी नको, पुढे. दादा म्हणेल, या वयात कशाला. त्याला म्हणू दे.

तुझी,
आत्या


२१ जून

आत्या,

घेतले! बुटकेच घेतले.

दुकानात तुझं गाणं घेऊन गेले आणि सांगितलं, तीन जोड्या मांडा, तिन्हींचा आवाज सारखा ठेवा. दुकानदाराने आधी त्या जाडजूड जोडीकडेच ढकललं मला. तुझा आवाज त्यात असा गेला की विहिरीतून हाक मारतेयस. दुसरी जोडी गोड होती, फारच गोड, मला आतोबा आठवले. तिच्या मागे भोक होतं. मी स्वतः उचलून भिंतीला टेकवली, आणि मास्तरांचं व्हायोलिन खर्जाखाली गुदमरलं. मग बुटके. दिसायला अगदी सामान्य. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हे लहान आहेत, मोठ्या खोलीला पुरायचे नाहीत." मी म्हटलं, माझी खोली तुमच्या काउंटरपेक्षा जरा मोठी असेल, लावा. आणि आत्या, तू इतकी जवळ आलीस की मी डोळे उघडून बघितलं. गाणं मुळीच गोड नव्हतं. तू मात्र होतीस.

दुकानदारसुद्धा काउंटरमागून पुढे आला. म्हणाला, "कोण गातंय?" मी म्हटलं, माझी आत्या. "नाही पटले तर आणून द्या, खोकी जपून ठेवा, मी कधीही परत घेईन," म्हणाला. पहिल्या दिवसाच्या मानाने माणूस बराच सुधारला.

घरी येऊन टेबल कोपऱ्यातून काढलं. स्पीकर जाड पुस्तकांच्या चळतीवर कानाच्या उंचीला बसवले. दोन स्पीकर आणि माझं डोकं असा त्रिकोण झाला. आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून मागे गादी उभी केली. घरमालकीण डोकावून म्हणाली, "गादी उभी आहे, मग झोपतेस कशी?" मी म्हटलं, काम संपलं की आडवी करते, गादीही आणि मीही. तिने आईला फोन केला असणार.

आता एक अडचण. चौथ्या आणि पाचव्या गाण्यात, वरच्या पट्टीत गेलीस की आवाजाच्या कडेला खरखर ऐकू येते. जुन्या स्पीकरवर ती कधी कळलीच नाही. मी धरून चालले की स्पीकरच सदोष. उचलून दुकानात नेले, भांडून जोडी बदलून आणली. नवीन जोडीवरही तीच खरखर, तिथेच. नाचता येईना अंगण वाकडं, तशी गत झाली माझी. म्हणजे दोष रेकॉर्डिंगमध्येच आहे. माइकची वायर सैल होती का गं? तेवढ्या ओळी पुन्हा गाऊन पाठव ना. काम दहा मिनिटांचं आहे.

मुंगी


२७ जून

चि. मुंगीस,

वायर ठीक होती.

पुन्हा गाणार नाही. जे पाठवलंय त्यातच करायचं. दहा मिनिटांचं काम वगैरे मला शिकवू नकोस, मी तुझ्या जन्माआधीपासून माइकसमोर उभी आहे.

स्पीकर चांगले निवडलेस. जरा जास्तच चांगले निवडलेस.

आत्या


९ जुलै

आत्या,

तुझं पत्र आलं तेव्हा आधी मी चिडले. मग म्हटलं, ठीक आहे, बाईंना पुन्हा गायचं नाही तर नाही. आपणही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नाही.

तुला माहीत आहे ना मी दिवसभर काय करते? टेलिफोनवर "मराठीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा" बोलणाऱ्या बायका असतात, त्यांचे आवाज घासूनपुसून लख्ख करते. खोकला काढायचा, ओठांची चटचट काढायची आणि मुख्य म्हणजे श्वास कापायचा. यंत्राने श्वास घेतलेला गिऱ्हाइकाला चालत नाही. माझा हात त्यात इतका बसलाय की साहेब नव्या मुलींना माझ्याकडे बघायला पाठवतात.

तीच कला तुझ्यासाठी पणाला लावली. चौथ्या-पाचव्या गाण्यातली खरखर एकेका अक्षरावरून उचलून काढली. आणि तू श्वास केवढे मोठे घेतेस गं! पहिल्या गाण्यात इतके नव्हते, शेवटच्यात तर ओळीआधी दरवाजा उघडावा तसे. ते सगळे कापले. पाचही गाणी आता गुळगुळीत. सोबत पेनड्राइव्ह पाठवतेय, रेडिओला लावून ऐक.

दादाचा फोन आला होता. म्हणे, "तिचा आवाज वाद्यांच्या जरा मागे ठेव आणि गाणी घरातल्या घरात राहू देत, लोक हसतील." मी विचारलं, दादा, तू ऐकलीस का? म्हणाला, वेळ नाही मिळाला. मग मी जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तू पुढेच आहेस. आता कुणाची हसायची टाप नाही.

शाबासकीची वाट बघतेय.

मुंगी


१८ जुलै

मुंगे,

माझे श्वास कुठे आहेत?

स्वयंपाकघरातल्या रेडिओवर लावलं आणि पहिल्या ओळीलाच हात थांबला. ही कोण बाई गातेय? सूर माझा, शब्द माझे, पण ही बाई जिवंत नाही. ही मला एक दाबा, दोन दाबा सांगणार असं वाटत राहिलं.

तुला कोरस म्हणजे काय ते कधी सांगितलं नाही, ते आज सांगते. कोरसमध्ये श्वास चोरून घ्यायचा असतो. सगळ्या एकदम थांबल्या तर गाण्याला खिंडार पडतं. म्हणून ठरलेलं असतं. डावीकडचीने आधी घ्यायचा, मग मी, मग माझ्या उजवीकडची. घेताना खांदा हलता कामा नये, नाक वाजता कामा नये. एकदा माझा श्वास ऐकू आला तर रेकॉर्डिस्टने टेक थांबवून सगळ्यांसमोर विचारलं होतं, "कोण जिवंत आहे तिकडे?" सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर जन्मभर माझा श्वास कुणाला ऐकू गेला नाही. माझं नाव कशावर नव्हतं, माझा आवाज वेगळा कुणाला काढता आला नसता, आणि तेच माझं कौशल्य म्हणून मला बोलावत.

ही पाच गाणी गाताना मी ठरवून मोठ्याने श्वास घेतले. मैत्रीण म्हणाली, माइकपासून तोंड फिरव. मी नाही फिरवलं. आणि तू ते कापलेस, वर शाबासकी मागतेस.

आता खरखरीचं. तू हुडकून काढणारच होतीस, त्या बुटक्यांनी चुगली केली. माझ्या घशात गाठ होती, स्वरतंतूला चिकटलेली. डॉक्टर म्हणाले, लगेच काढू, आणि तोवर गाणं तर सोडाच, बोलूही नका. काढल्यावर आवाज कसा राहील सांगता येत नाही, असंही म्हणाले. मी घरी आले आणि मैत्रिणीला म्हटलं, शाळेतल्या संगीताच्या खोलीची किल्ली आण. आठवडाभर रोज दुपारी गायले, मग दवाखान्यात भरती झाले. पहिल्या गाण्यात खरखर नाही, कारण पहिल्या दिवशी घसा अजून साथ देत होता. पाचवं शेवटच्या दिवशीचं आहे. दादाला कळलं तेव्हा तो रडला, मग ओरडला, आणि अजून बिचकून आहे. म्हणून म्हणतो गाणी घरात ठेवा. त्याला त्यात आजार ऐकू येईल याची भीती वाटते. त्याच्यावर फार तडकू नकोस.

गाठ साधी निघाली, घाबरण्यासारखं काही नाही. तेव्हापासून मौन आहे. पाटीवर लिहून भाजी मागवते. फोन का उचलत नाही ते आता कळलं असेल. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू माझ्या आवाजाला गोंजारत बसली असतीस. मला गोंजारणारी नको होती.

तर ऐक. ती खरखर माझी आहे. ते श्वासही माझे. एकूण एक परत घाल. त्यावर कुणी हसलं तर मला पत्ता दे, मी पाटी घेऊन येते.

आत्या


२ ऑगस्ट

आत्या,

पत्र वाचून मी आधी रडले, मग तुझ्यावर चिडले, मग स्वतःवर. घसा कापून घेतलास आणि मला म्हणतेस फोनचा वीट आलाय! मी इकडे वायर सैल होती का म्हणून विचारतेय. माझ्या कानासमोर तुझा आजार दिवसागणिक वाढत होता आणि मी तो धूळ झटकावी तसा झटकत बसले. याचं मला फार वाईट वाटतंय, आणि ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ऑफिसातून सुट्टी घेतली. कापलेलं सगळं बाजूला टाकलं आणि तुझे मूळ ट्रॅक पुन्हा लावले, तू गायलीस त्याच क्रमाने, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत. ऐकताना कशालाही हात लावला नाही. पाचव्याच्या शेवटच्या कडव्याआधी तू जो श्वास घेतेस, तो ऐकून मी खुर्चीत सरळ बसले. मग कामाला लागले. खरखर आहे तशी ठेवली. श्वास नुसते परत घातले नाहीत, व्हायोलिन त्यांच्यापुरतं दबकं केलं, म्हणजे प्रत्येक श्वास स्वच्छ ऐकू येईल. आणि तुला आणखी एक पाऊल पुढे आणलं. शेजाऱ्यांच्या गाडीत ऐकलं, ऑफिसात ऐकलं, घरमालकिणीच्या मोबाइलवर ऐकलं. सगळीकडे तूच पुढे. घरमालकीण म्हणाली, "ही बाई माझ्या कानाशी बसून गातेय." गादीबद्दल ती आता काही बोलत नाही.

दादाला बोलावून घेतलं. पुस्तकांवरच्या बुटक्यांसमोर बसवलं आणि पाचवं गाणं लावलं. सुरुवातीला तो खिडकीकडे बघत होता. शेवटच्या कडव्याच्या आधी तुझा श्वास आला आणि त्याने मान खाली घातली. मी तडकले नाही, तू सांगितलं होतंस. गाणं संपल्यावर तो म्हणाला, "लोकांना पाठव." घसा न खाकरता म्हणाला.

पाठवली, आत्या. तुझ्या नावावर. फक्त तुझ्याच.

आता एकच सांगायचंय आणि ते अवघड आहे. दादा म्हणाला, डॉक्टर म्हणतात पूर्वीचा आवाज येणार नाही. म्हणजे गाणी पाचच. मग या बुटक्यांचं मी काय करू? टेलिफोनवाल्या बायकांचे श्वास कापायला यांची गरज नाही. या स्पीकरांकडे नुसतं बघितलं तरी तुझं पाचवं गाणं आठवतं. खोक्यांत भरून ठेवलेत. शनिवारी दुकानात परत देऊन येईन म्हणते.

मुंगी


६ ऑगस्ट

मुंगे,

हे पत्र शनिवारच्या आत पोचावं म्हणून दादाला स्वतः टपाल कचेरीत पिटाळलंय.

गाणी ऐकली. आधी एकटीने, मग मैत्रिणीला बोलावून. ती म्हणाली, "अगं, तू तर पुढे उभी आहेस." मी पाटीवर लिहिलं, "हो." मोठ्या अक्षरात लिहिलं, पाटी भरून.

आता तुझ्या त्या शहाणपणाबद्दल. डॉक्टर म्हणाले पूर्वीचा आवाज येणार नाही, हे खरं. गाणी पाचच, हे कोणी सांगितलं तुला? डॉक्टरांनी? दादाने? मला विचारलंस?

सोमवारी मौन सुटलं. पहिला शब्द दादाशी बोलले, "चहा." तो दचकला. आवाज भलताच खाली उतरलाय, जाडाभरडा, मध्येच फाटतो, एखादा सूर लागेपर्यंत दाराबाहेर ताटकळत उभा राहतो. कोरसमध्ये या आवाजाला कुणी जिन्यावरसुद्धा उभं केलं नसतं. डॉक्टर म्हणाले, रोज थोडंसंच, ताण न देता. मी विचारलं, थोडंसं म्हणजे गाण्यात किती? ते म्हणाले, तुम्ही ऐकणार नाही असं दिसतं, निदान खालच्या पट्टीत गा. काल खालच्या पट्टीत गायले, एकच कडवं. मैत्रिणीने माइक धरला होता. खूप बेसूर नाही. थोडं आहे. असू दे.

सोबत पेनड्राइव्ह आहे. सहावं गाणं सुरू झालंय, बाकीची कडवी जमतील तशी येतील. महिना लागेल, वर्ष लागेल, तुला काय करायचंय. दुकानदाराला सांग, माल परत मिळणार नाही. खोकी फाडून टाक, म्हणजे पुन्हा मोह व्हायला नको.

बुटके पुस्तकांवर चढव, गादी उभी कर, आणि बस. पहिल्या ओळीआधी मी एक श्वास घेतलाय, चांगला छाती भरून. तो कापलास तर बघ.

आत्या